विश्लेषण : वीज गेल्यावर नव्हे, परत आल्यावर सर्व्हर का दगावतो?

मे महिना सरत आला की मान्सूनपूर्व कामे सुरू होतात. तारांवर झुकलेल्या फांद्या छाटल्या जातात, लोंबणाऱ्या तारा ओढून घेतल्या जातात, डीपीची उघडी झाकणे लावली जातात. तरीही वळवाचा पहिला सडाका आला की दुपारी चारला वीज जाते, पाच मिनिटांनी येते, पुन्हा जाते आणि रात्री कधीतरी एकदाची स्थिरावते. घरातली माणसे तोवर इन्व्हर्टरवर वेळ काढतात. कोणीतरी उठून फ्रिजचे बटण बंद करते. प्रश्न असतो तो ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, शाळेच्या कपाटात किंवा डोंगरावरच्या खोपटात एकट्याने चालणाऱ्या यंत्राचा. त्याचे बटण बंद करायला कोणी नसते आणि सकाळी ते चालू करायलाही कोणी नसते. अशा यंत्रांवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बराच खर्च झाला. त्यांच्या विजेचा विचार मात्र खरेदीच्या यादीत 'यूपीएस, नग १' एवढ्यावरच संपतो.

अशी यंत्रे असतात तरी कुठे?

सर्व्हर म्हटले की ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर डोळ्यांसमोर येतात. तिथे दोन-दोन बाजूंनी वीज येते, डिझेल जनित्रे सज्ज असतात आणि चोवीस तास माणसे असतात. पण त्याच राज्यात शेकडो किलोमीटर आत गेले की चित्र वेगळे आहे. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचवण्यात आले. त्याच्या टोकाला ओएनटी नावाचा छोटा डबा असतो. त्याच्याबरोबर बॅटरी आणि अनेक ठिकाणी सौर पॅनेलही देण्यात आले. शाळांमध्ये इंटरनेटविना धडे दाखवणारे छोटे सर्व्हर असतात. सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, पाणीपुरवठ्याच्या टाकीवरची नियंत्रक यंत्रे, मोबाइल टॉवरच्या पायथ्याचे कपाट, ही सगळी याच कुळातली मंडळी.

यातले सर्वांत कमी बोलले जाणारे, पण शेतकऱ्याच्या खिशाशी थेट संबंध असलेले यंत्र म्हणजे स्वयंचलित हवामान केंद्र. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई द्यायची की नाही, हे संदर्भ केंद्रातल्या नोंदींवर ठरते. केळीला कमी तापमानाची भरपाई हवी असेल तर सलग काही दिवस पारा ठरावीक अंशाच्या खाली गेल्याची नोंद लागते. त्या 'सलग'मधला एखादा दिवस केंद्राची बॅटरी बसल्यामुळे कोरा राहिला तर काय? अशा वेळी पर्यायी केंद्राची आकडेवारी घेण्याची सोय असते. पण शेजारच्या मंडळातली थंडी ही आपल्या बागेतली थंडी नसते, हे जळगावच्या केळी उत्पादकाला कोणी सांगायला नको. एका बॅटरीची किंमत आणि एका हंगामाचे पीक यांची ही जोडी आहे.

वीज 'बेभरवशाची' म्हणजे नेमकी कशी?

वीज असणे आणि वीज नसणे एवढ्या दोनच अवस्था असत्या तर हा प्रश्न सोपा होता. अडचण मधल्या अवस्थांची आहे. आपल्याकडे घरगुती जोडणीला २३० व्होल्ट मिळणे अपेक्षित असते आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी त्यात सहा टक्के कमी-जास्त एवढीच सूट दिली होती. फीडरच्या शेवटच्या टोकावरच्या गावात, संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू असताना, हा आकडा १७० च्याही खाली उतरतो. एलईडी दिवा तरीही लखलखीत पेटतो, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वीचा पिवळा बल्ब बरा होता. तो मंद झाला की 'व्होल्टेज नाही' हे लहान मुलालाही कळत असे.

इथे एक गमतीची गोष्ट घडते. लॅपटॉपचा किंवा फोनचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतो. त्यावर तसे बारीक अक्षरांत छापलेलेही असते. म्हणजे १६० व्होल्टला छोट्या संगणकाला काही अडचण नसते. पण त्याच्या आधी बसवलेल्या यूपीएसला ती वीज पसंत नसते. तो ती नाकारतो आणि बॅटरीवर जातो. खोलीत दिवे चालू, पंखा फिरतो आहे आणि यूपीएस मात्र आतल्या आत बॅटरी रिकामी करतो आहे. रात्री दहाला खरोखर वीज जाते तेव्हा त्याच्याकडे द्यायला काही उरलेले नसते. संरक्षणासाठी आणलेल्या उपकरणानेच यंत्र उघडे पाडण्याचा हा प्रकार ग्रामीण भागात सर्रास घडू शकतो आणि त्याचे खापर 'निकृष्ट बॅटरी'वर फुटते.

दुसरा प्रकार अधिक जीवघेणा. डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रल तुटली की सिंगल फेजच्या जोडणीत २३० ऐवजी जवळपास ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. एकाच गल्लीतले टीव्ही, चार्जर, दिवे एकदम जळाल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुतेकदा हेच असते. वीज कोसळल्याने येणारा झटका काही मायक्रोसेकंदांचा असतो. तो शोषण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असतो. न्यूट्रल तुटल्याने चढलेला दाब मात्र मिनिटेच्या मिनिटे टिकतो. सर्ज प्रोटेक्टर त्यापुढे स्वतःच जळून जातो. तिथे हवा दाब वाढताच पुरवठा तोडणारा स्विच. स्टॅबिलायझर विकणाऱ्या कोणत्याही दुकानात तो मिळतो आणि सर्व्हरच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य असते.

परत येणारी वीज जाणाऱ्या विजेपेक्षा धोकादायक का?

याचे उत्तर शेतात आहे. कृषिपंपांना रात्री-अपरात्री थ्री फेज मिळते. अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला 'ऑटो स्विच' बसवतात. फेज आली की मोटार आपोआप सुरू. पण सुरू होण्याच्या क्षणी मोटार तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. एका रोहित्रावरच्या वीस-पंचवीस मोटारी एकाच क्षणी उठल्या की दाब कोसळतो, डीओ उडतो, कधी रोहित्रच जळते. म्हणूनच ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण रब्बी हंगामात करत असते. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. साप-विंचवाच्या वाटेने मध्यरात्री बांध तुडवण्यापेक्षा कोणीही तेच करील. पण परिणाम असा की वीज आल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत अस्थिर असतात. येते, दबते, जाते, पुन्हा येते.

वीज दिसताक्षणी जागा होणारा सर्व्हर नेमका याच मिनिटांत सापडतो. सुरू होताना तो सर्वाधिक काम करतो: डिस्क तपासतो, अर्धवट राहिलेल्या नोंदी दुरुस्त करतो, डेटाबेस उघडतो. त्याच अवस्थेत पुन्हा वीज गेली की दुरुस्तीच अर्धवट राहते. तीन-चार वेळा असे झाले की चांगली डिस्कही हात टेकते. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबण्याची सोय वर्षानुवर्षे आहे. तिथे कारण कॉम्प्रेसरचे असते, पण शहाणपण तेच. सर्व्हरने तर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कुलूपबंद खोलीत घाई कोणालाच नसते.

यूपीएस असूनही यंत्र बंदच का राहते?

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. यूपीएस आहे, बॅटरी आहे, वीजही आली आहे, तरी सर्व्हर बंद. मग कोणीतरी मोटारसायकल काढून चाळीस किलोमीटर जातो, बटण दाबतो, सगळे व्यवस्थित सुरू होते आणि बिघाड काय होता हे कळत नाही. बिघाड नसतोच. सगळी यंत्रे त्यांना सांगितलेले काम बिनचूक करत असतात.

क्रम असा असतो. वीज जाते. यूपीएस बॅटरीवर जातो. बॅटरी खाली आली की तो यूएसबी तारेतून सर्व्हरला कळवतो, 'आवरते घे.' सर्व्हर शहाण्यासारखा डेटाबेस बंद करतो आणि स्वतःही बंद होतो. नेमक्या याच वेळी, यूपीएस पुरता रिकामा होण्याआधी, वीज परत येते. यूपीएसच्या बाजूने पुरवठा एक क्षणही तुटलेला नसतो. सर्व्हरला 'वीज गेल्यावर परत आली की आपोआप सुरू हो' असे सांगून ठेवलेले असते. पण त्याच्या दृष्टीने वीज गेलेलीच नाही. तो झोपला आहे आणि त्याला उठवणारी घटना घडलेलीच नाही. कोणी बटण दाबेपर्यंत तो तसाच राहणार.

यावरचा उपाय उलट्या बुद्धीचा वाटतो, पण तोच बरोबर आहे. सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसने, मधल्या काळात वीज आलेली असो वा नसो, आपला पुरवठा मुद्दाम तोडायचा, थोडे थांबायचे आणि मग पुन्हा द्यायचा. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे मोफत सॉफ्टवेअर नेमके हे करू शकते. त्याच्या माहितीपुस्तिकेत या सापळ्याचा उल्लेखही आहे. मात्र त्यासाठी यूपीएस पुरवठा तोडण्याचा आदेश मानणारा हवा आणि त्याची तार सर्व्हरला जोडलेली हवी. स्वस्त यूपीएसना अशी तारच नसते. ज्यांना असते त्यांची ती अनेकदा खोक्यातच राहून जाते. मग यूपीएस काही मिनिटे तग धरतो आणि शेवटी सर्व्हर तसाच धाडकन पडतो. फक्त थोडा उशिरा.

बायोसमध्ये एक पर्याय असतो. वीज आल्यावर यंत्राने काय करावे: सुरू व्हावे, बंदच राहावे, की 'आधीच्या स्थितीत' जावे? तिसरा पर्याय सर्वांत समंजस वाटतो आणि घात करतो. यूपीएसच्या सांगण्यावरून यंत्र नीट बंद झालेले असते, म्हणजे त्याची आधीची स्थिती 'बंद' हीच. वीज आली की ते इमानदारीने बंद राहते. कुलूपबंद खोलीतल्या यंत्रासाठी 'सुरू व्हावे' हा एकच पर्याय योग्य आहे.

याच यादीत जुन्या संगणकांचा तो विनोदी संदेश येतो: कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही वर्षांनी संपते, घड्याळ आणि सेटिंग पुसली जातात आणि यंत्र पडद्यावर हा प्रश्न दाखवत बसते. पडदा तिथे नसतो, कळफलक नसतो आणि माणूसही नसतो. डिस्कला सांकेतिक कुलूप घालून सुरू होताना पासवर्ड मागण्याची व्यवस्थाही अशीच. सुरक्षेच्या दृष्टीने ती चांगली. पण जे यंत्र उठताना प्रश्न विचारते, ते एकटे सोडण्याच्या लायकीचे नसते. असे प्रश्न आधी बंद करावे लागतात.

आणि बॅटरी?

बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे सांगितले जाते. ते २५ अंश सेल्सिअसला. त्यापुढे तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या खोलीत, बंद खिडकीआड, विदर्भातल्या उन्हाळ्यात ४५ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे चार वर्षांची बॅटरी सतत तशा उष्णतेत एका वर्षात संपू शकते. ती संपल्याचे कोणाला कळत नाही, कारण यूपीएसवरचा हिरवा दिवा पेटलेलाच असतो. कळते ते पहिल्या वादळात.

अशी बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत फार काळ राहिली तरी खराब होते. रिकामी झालेली बॅटरी पुरती भरायला आठ-दहा तास लागतात. जिथे वीज तुकड्या-तुकड्यांत मिळते तिथे ती कधीच पूर्ण भरत नाही. त्यात भर म्हणजे मेन स्विच. कार्यालयाला सुट्टी लागली की शिपाई जबाबदारीने मेन स्विच खाली करून कुलूप लावतो. आग लागू नये, बिल वाढू नये, हा हेतू चांगलाच. दिवाळीच्या सुट्टीत मात्र यंत्र पहिल्याच संध्याकाळी झोपते आणि बॅटरी पुढचे पंधरा दिवस रिकामी पडून राहते. यावर महागडा उपाय लागत नाही. यंत्रासाठी स्वतंत्र एमसीबी, तोही मेन स्विचच्या आधीचा, त्याला छोटे झाकण आणि वर मराठीत ठळक अक्षरांत 'हे बंद करू नये'. हे काम वायरमनने करायचे. इंजिनीअरची त्यात गरज नाही.

मोठी बॅटरी बसवली तर?

पहिला विचार हाच येतो आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १२०० वॉट-अवर ऊर्जा असते. शिसे-आम्ल बॅटरी टिकवायची तर तिच्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ६००. दीडशे वॉट खाणारा जुना टॉवर सर्व्हर त्यावर हिशेबाने चार तास चालेल, प्रत्यक्षात तीनच्या आसपास. दहा वॉटचा छोटा संगणक त्याच बॅटरीवर दोन दिवस सहज काढतो. तेव्हा बॅटरी मोठी करण्याआधी यंत्र लहान करावे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कामाला दीडशे वॉटचे यंत्र लागते कशाला, हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारला जायला हवा. अनेकदा ते केवळ दरपत्रकात आहे म्हणून येते.

दुसरी उधळपट्टी इन्व्हर्टरची. बॅटरीतली डीसी वीज २३० व्होल्ट एसी करायची आणि अॅडॉप्टर लावून पुन्हा १२ व्होल्ट डीसी करायची. या उलटापालटीत ऊर्जा जाते. शिवाय रिकामा चालणारा इन्व्हर्टर स्वतःच दहा-वीस वॉट खाऊ शकतो, म्हणजे छोट्या संगणकाइतके किंवा त्याहून जास्त. ओएनटी, राउटर आणि छोटे संगणक बहुधा १२ व्होल्टवरच चालतात. ती उपकरणे चार्जरसह बॅटरीवरच थेट चालवली तर यूपीएस नावाची चीजच लागत नाही आणि वर सांगितलेले निम्मे सापळे आपोआप मिटतात. हवामान केंद्रे आणि टॉवर याच पद्धतीवर चालतात. सौर पॅनेल जोडायचे तरी हीच रचना सोयीची. मात्र हिशेब मे महिन्याच्या उन्हाचा नव्हे, जुलैतल्या आठवडाभराच्या झडीचा धरावा लागतो. कोकणात तर पंधरवड्याचा.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या अनेक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. एवढ्या काळासाठी बॅटरी कोणीच बसवू शकत नाही. तिथे कसोटी वेगळी असते: पडताना माहिती शाबूत राहिली का आणि वीज आल्यावर यंत्र कोणी न जाता उभे राहिले का?

पडताना माहितीचे काय होते?

संगणक लिहितो म्हणतो तेव्हा लिहीतच असतो असे नाही. माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत जाते, मग सवडीने डिस्कवर. आजच्या फाइल व्यवस्था 'जर्नल' ठेवतात, म्हणजे काय करणार ते आधी टिपून ठेवतात, त्यामुळे धाडकन वीज गेली तरी सहसा सांगाडा मोडत नाही. पण काही स्वस्त एसएसडी आणि मेमरी कार्डे 'लिहिले' असे खोटेच कळवतात. छोट्या संगणकांमधली मेमरी कार्डे तर याबाबत बदनाम आहेत. जिथे माहिती मोलाची आहे तिथे वीज गेल्यावरही शेवटचे लिखाण पूर्ण करण्याइतका साठा कपॅसिटरमध्ये राखणारी एसएसडी घ्यावी. आणि जिथे यंत्र फक्त दाखवण्याचे काम करते, तिथे त्याची मूळ प्रणाली 'केवळ वाचनीय' करून टाकावी. जे लिहिलेच जात नाही ते अर्धवट राहत नाही.

दूरच्या यंत्राला उठवायचे कोणी?

कधीकधी वीज असते, यंत्रही चालू असते, पण गोठलेले असते. यासाठी 'वॉचडॉग' नावाचा छोटा टायमर असतो. यंत्राने ठरावीक वेळाने त्याला 'मी जागा आहे' असे सांगायचे; सांगितले नाही तर तो यंत्र बंद-चालू करतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक एका सॉफ्टवेअरच्या चुकीने वारंवार अडकत होता. दर वेळी अशाच व्यवस्थेने तो पुन्हा सुरू होत राहिला आणि पृथ्वीवरच्या अभियंत्यांना चूक शोधायला वेळ मिळाला. मंगळावर मोटारसायकल काढून जाता येत नाही. गडचिरोलीतल्या दुर्गम गावात पावसाळ्यात तेच म्हणता येईल. हा टायमर बहुतेक यंत्रांत आधीपासून असतो. चालू करायचा राहून गेलेला असतो.

राउटर आणि ओएनटीलाही हीच काळजी हवी. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर भिंतीवरच्या साध्या प्लगवर, असे दृश्य दुर्मीळ नाही. मग सर्व्हर जिवंत असतो, पण जगाला दिसत नाही. उलट ओएनटीत एक छान सोय आहे. वीज तुटताना उरलेल्या काही मिलिसेकंदांच्या ऊर्जेत तो वरच्या केंद्राला शेवटचा संदेश पाठवतो. तंत्रज्ञ त्याला 'अखेरचा आचका' म्हणतात. तो आला तर वीज गेली. न येताच संपर्क तुटला तर बहुधा फायबर तुटली. म्हणजे वायरमनला फोन करायचा की खोदकाम कुठे चालू आहे ते पाहायचे, हे तालुक्याला बसल्या जागी कळू शकते. ती नोंद रोज कोणी तरी वाचली पाहिजे, एवढीच अट.

शेतकऱ्यांनी मोबाइल स्टार्टर कधीच आपलासा केला. मिस्ड कॉल दिला की मोटार चालू, पुन्हा दिला की बंद. तिन्ही फेज आहेत का, तेही फोनवर कळते. त्याच तत्त्वावर चालणारा सिमकार्डचा स्विच सर्व्हरला लावता येतो. इंटरनेट बंद असले तरी एसएमएस पोहोचतो. शिवारातली मोटार जे करते ते सरकारी खोलीतला सर्व्हर करू शकत नसेल तर अडचण तंत्रज्ञानाची नाही.

मग अडचण कशाची?

मोजण्याची. किती ठिकाणी यंत्र बसले हे मोजले जाते, किती ठिकाणी ते आज चालू आहे हे त्याच तळमळीने मोजले जात नाही. भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमासाठी केंद्राने २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या रकमेपुढे बॅटरी हा विषयच क्षुल्लक वाटतो. पण खरेदी ही भांडवली खर्चात बसते आणि दीड-दोन वर्षांनी बदलायची बॅटरी कशातच बसत नाही. ती ग्रामपंचायतीच्या निधीतून घ्यायची की विभागाच्या, यावर पत्रव्यवहार होतो आणि तोवर यंत्रावर धूळ साचते. चोरी हाही खरा प्रश्न आहे. बॅटरी आणि पॅनेल विकता येतात, ओएनटी विकता येत नाही.

सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर पाहावा. दिवसातले आठ तास वीज मिळाली तरी लशी दोन ते आठ अंशांत राहाव्यात, या गृहीतकावरच तो बनवलेला असतो. त्याला स्वतंत्र स्टॅबिलायझर असतो, तापमानाची दिवसातून दोनदा नोंद होते आणि वीज गेल्यावर काय करायचे ते भिंतीवर लिहिलेले असते. वीज जाणार, हे तिथे अपवाद म्हणून नव्हे तर नियम म्हणून धरले गेले, कारण लस खराब झाली तर बालकाच्या जिवाशी खेळ होतो. संगणकाच्या निविदेत मात्र पुरवठा अखंड असेल असे न बोलता गृहीत धरलेले असते.

निविदेत चार ओळी वाढवल्या तर बरेच काही बदलेल. पुरवठादाराने यंत्र बसवल्यावर अधिकाऱ्यासमोर मेन स्विच खाली करायचा आणि बॅटरी पुरती संपू द्यायची. मग वीज द्यायची, दोन मिनिटांत पुन्हा तोडायची, पुन्हा द्यायची. दुसऱ्या फेरीत यंत्र आवरते घेत असतानाच वीज द्यायची. कोणीही हात न लावता यंत्र उभे राहिले आणि नोंदी शाबूत असल्या तरच बिल मंजूर. हीच परीक्षा दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, फांद्या छाटण्याच्या कामाबरोबर. अर्थिंगच्या खड्ड्यात त्याच दिवशी चार बादल्या पाणी ओतायचे. उन्हाळ्यात तो कोरडा पडलेला असतो आणि कोरड्या खड्ड्यात सर्ज प्रोटेक्टरने आलेला झटका सोडायचा कुठे? याला अर्धा-एक दिवस आणि एक वायरमन लागतो. अपयशी ठरलेल्या बॅटरीवर तारीख लिहून ती त्याच दिवशी बदलण्याचा अधिकार ग्रामसेवकाला असावा, तालुक्याची मंजुरी यायच्या आत पाऊस येतो.